चौथा प्रश्न

"थांबव! तिथेच थांबव!"

लतिकाबाई ओरडल्या तशी अक्षयने धडपडत कळ दाबली आणि भिंतीवरचा सिनेमा जागच्या जागी उभा राहिला. तीन दगडांच्या चुलीवर सुलटं ठेवलेलं मडकं, त्यावर झाकण, झाकणाच्या फटीतून भसाभसा वाफ, आणि शेजारी हातात पळी घेऊन बसलेला एक गोरागोमटा नट.

आठवीचा वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला.

"बाई, ही पोपटी हाय का डाळ?" मागून कुणीतरी ओरडलं.

"शिट्ट्या किती झाल्या विचारा!" दुसऱ्याने भर घातली.

एरवी वर्गात हूं की चूं खपवून न घेणाऱ्या बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी सणासुदीचं समाधान होतं.

पेणच्या पोरांना पोपटी काय शिकवायची? थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की शेताशेतांत हाच उद्योग. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर कोंबडी. ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवतीने पेंढा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. पालथं! शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि या सिनेमावाल्या दीडशहाण्यांनी मडकं उभं करून त्यात पळी घातली होती.

हा सिनेमा काढला होता बाईंच्या वडिलांच्या कादंबरीवरून. त्र्यंबकराव, म्हणजे अण्णा, रोह्याला मास्तर होते आणि जवळच कुडवलीला त्यांची शेती होती. 'भांबुर्डीचा वास' ही त्यांची एकुलती एक कादंबरी. सिनेमाला परवानगी दिली बाईंच्या भावाने, निमिषने, पुण्यात बसून, बहिणीला न विचारता. तेव्हापासून बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. भाऊबीजसुद्धा नाही. "नाव तेवढं पुस्तकाचं ठेवलं मेल्यांनी," त्या म्हणायच्या, "तेवढंच वाचलं असणार."

आता शाळामास्तरीण सूड उगवणार तो कसा? शिकवूनच. दरवर्षी त्या आठवीकडून आधी कादंबरी वाचून घ्यायच्या, मग सिनेमा दाखवायच्या आणि फळ्यावर चार प्रश्न लिहायच्या. काय बदललं? का बदललं? काय हरवलं? काय मिळालं? पद्धत चांगलीच होती, खोटं कशाला बोला. पुस्तक बघून जांभया देणारी पोरं सिनेमाची चोरी पकडायला पानापानाची झडती घ्यायची. कुठलं वाक्य गाळलं, कुठलं माणूस बदललं, लेखकाने न बोलता काय सांगितलं, हे पोरं आपापसांत भांडून शिकायची. इतर शाळांच्या बाया बघायला यायच्या. फक्त एकच खोट. पहिल्या तीन प्रश्नांना बाई पोरांना पिळून काढायच्या आणि चौथ्याला घंटा व्हायची. इतकी वर्षं, दर वेळेला, नेमकी चौथ्यालाच.

"बाई, चौथा राहिला."

निशिगंधा उभी राहिली होती. बाप साईराज डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, भाड्याची खोली, घरात पुस्तक म्हणाल तर शाळेचंच. पण पोरगी वाचायची अशी की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं. रोह्याच्या स्पर्धेसाठी बाईंनी तिलाच निवडलं होतं.

"घंटा होईल आता."

"होऊ दे ना बाई. सिनेमात मडकं चुकलंय. पण यमू बरोबर हाय."

हसणं थांबलं. यमू ही कादंबरीतली शेतावर राबणारी बाई. पुस्तकात पोपटी होते तेव्हा मालकाची मुलं, गडीमाणसं, यमू, सगळी एकाच आगीभोवती बसतात आणि एका मडक्यातलं खातात. ते पान लतिकाबाई दरवर्षी स्वतःच वाचून दाखवायच्या, कारण त्या पोरांमधली एक त्या स्वतः होत्या. सिनेमात मात्र यमू मडकं भरते, आग सांभाळते आणि लांब बांधावर जाऊन उभी राहते. मग कुणीतरी एका पानावर चार शेंगा तिच्यासाठी नेऊन ठेवतं.

"बरोबर कसली?" बाई म्हणाल्या. "रडारड हवी म्हणून घुसवलंय ते. पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात बसलेली हाय. पण खरी बसायची नाय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आजीने. ती यमू म्हंजे आमची आजीच, बाई. काशीबाई. कुडवलीची."

"काशी? आमच्याकडची काशी?" बाईंच्या तोंडून निसटलंच.

निशिगंधाने मान वर केली. "आमची," ती म्हणाली.

आणि तेव्हा घंटा झाली.

रोह्याच्या वाचनालयात दर जानेवारीत अण्णांच्या नावाने वक्तृत्व स्पर्धा व्हायची. विषय ठरलेला, पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा. ही कल्पना लतिकाबाईंचीच. पण नशीब असं की त्यांच्या शाळेला आजवर पहिलं बक्षीस कधी मिळालं नव्हतं. कोलाडचं पोरगं न्यायचं, अलिबागचं न्यायचं, आणि बाई वडिलांच्या फोटोखाली बसून टाळ्या वाजवायच्या. आता मे महिन्यात निवृत्ती. म्हणजे हीच शेवटची. एकदा, फक्त एकदा, रोह्याच्या त्या स्टेजवरून आपल्या हातची पोर म्हणेल की अण्णांनी लिहिलं तेच खरं, एवढी एकच इच्छा बाईंना उरली होती. संसार केला नाही, घर बांधलं नाही. होतं ते हेच.

आणि निशिगंधाने लिहून आणलेलं भाषण वाचून त्यांचं टाळकं फिरलं.

"हे शेवटचं काढ," त्या शिक्षकखोलीत म्हणाल्या.

"का पण?"

"विषयात बसत नाही. तुलना पुस्तकाची आणि सिनेमाची आहे. पुस्तकाची आणि तुझ्या आजीची नाही."

"चौथ्या प्रश्नाचं उत्तर हाय ते, बाई. सिनेमामुळे काय मिळालं? आजीची जागा मिळाली. ती उभी व्हती ती जागा."

"होती म्हण. व्हती काय? स्टेजवर बोलायचंय."

पोरीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "तुम्हीच सांगता ना, वाचलेलं तपासून बघा म्हणून?"

"मला शिकवू नकोस! उचलली जीभ लावली टाळ्याला! अण्णांनी काशीला माणसात बसवलं, आणि तुम्ही त्यातही खोट काढा. हे काढणार असशील तर तू जा. नाहीतर अक्षयला पाठवते."

निशिगंधाने कागद परत घेतला. अक्षयला भाषण पाठ करायला पंधरा दिवस कमी पडले असते, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी ती खालच्या आवाजात म्हणाली, "काढते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत साईराज शाळेत आला. पहिली शिफ्ट अर्धी टाकून आलेला, अंगात कंपनीचा डगला तसाच. बाईंनी त्याला बसा म्हटलं नाही.

"पोरगी काल जेवली नाय," तो म्हणाला. "काय खोटं लिवलंय तिनं?"

"खोटं लिहिलं असं मी म्हटलेलं नाही. अप्रस्तुत लिहिलं."

"मला ते मोठे शबूद नका सांगू. माझी आई तुमच्या पोपटीचं मडकं भरायची का नाय?"

"भरायची."

"तुमच्या पंगतीला बसली का कधी?"

"मी लहान होते तेव्हा."

"लहान पोरांना दिसत नाय काय?"

बाई ताडकन उठल्या. "हे पाहा, ही शाळा आहे. जुनी उणीदुणी काढायला चावडी नाही. मुलीला बक्षीस मिळावं असं वाटतं ना तुम्हाला? मग मला माझं काम करू द्या."

साईराज दाराकडे वळला. "बक्षीस कोनाला पायजे ते दिसतंय," तो म्हणाला आणि गेला. मागे शिपाईबाई गालात हसली, तर बाईंनी तिलाही झापलं.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी दिवा लावला, चहा टाकला, आणि चहा उतू गेला तरी त्या ओट्याशी तशाच उभ्या. लहान पोरांना दिसत नाय काय! त्यांना आग दिसत होती. आगीच्या या बाजूला अण्णा, निमिष, आत्या, चुलतभावंडं. गरम शेंग या हातातून त्या हातात टाकत खायची मजा. आणि काशी? काशीचे हात दिसत होते, कोपरापर्यंत काळे, मडकं काठीने उलटं करताना. त्यानंतर ती कुठे बसली? अण्णांच्या शेजारी? आत्याच्या? आत्या तर गडीमाणसांची सावली पडली तरी पदर आवरायची. बाईंनी मनातल्या मनात त्या रिंगणात काशीला बसवून पाहिलं. जागाच होईना. मग त्यांनी गॅस खसाखसा पुसला आणि 'भलतंच काहीतरी,' असं मोठ्याने म्हणून विषय संपवला. पण संपतो कुठला.

रोह्याला त्या निशिगंधाला घेऊन एसटीने गेल्या. साईराज मोटरसायकलने परस्पर येणार होता. नागोठणं आलं, गेलं. एकदा फक्त बाई म्हणाल्या, "पाणी पी, घसा कोरडा पडेल," आणि पोरगी म्हणाली, "नको."

वाचनालयाचा हॉल भरलेला. अण्णांच्या फोटोला हार, समई, परीक्षकांच्या पुढ्यात नारळपाणी. निशिगंधा बोलायला उभी राहिली आणि पहिल्या दोन वाक्यांतच बाईंना कळलं की बक्षीस आपलं. मडक्यावर आली तेव्हा तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पोरीने भांबुर्डीचा वास असा सांगितला की भर दुपारी हॉलमध्ये भूक लागावी. काय बदललं, का बदललं, काय हरवलं. मग ती थांबली.

"चौथा प्रश्न," ती म्हणाली. "सिनेमामुळे काय मिळालं?"

ती परीक्षकांकडे बघत नव्हती. तिने स्टेजच्या कडेला बसलेल्या लतिकाबाईंकडे तोंड वळवलं आणि शाळेत घोटून घेतलेलं वाक्य, एकही मात्रा इकडची तिकडे न करता, म्हटलं. "काहीही मिळालं नाही. पुस्तकात यमू सगळ्यांसोबत आगीजवळ बसली आहे, आणि तेच खरं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचे हात वर आले, पण टाळी काही वाजली नाही. जे ऐकायला जन्म काढला ते ऐकलं होतं.

पहिलं बक्षीस पेण. बक्षीस म्हणजे लाल चकचकीत कागदात बांधलेली 'भांबुर्डीचा वास', लेखकाच्या कन्येच्या हस्ते. निशिगंधाने दोन्ही हातांनी घेतलं, फोटो काढेपर्यंत उभी राहिली आणि खाली उतरली. इतर पोरं वाकून नमस्कार करत होती. हिने केला नाही.

चहापाणी, अभिनंदन, "बाई, काय तयारी करून घेतलीत हो!" हे सगळं उरकून बाई आपल्या खुर्चीशी आल्या तर पिशवीवर लाल पुडकं. कागद उघडलेलासुद्धा नाही.

"ती मुलगी ठेवून गेली," वाचनालयाच्या अनिताताई म्हणाल्या. "म्हणाली, बाईंचं आहे. वडील न्यायला आले होते. कुडवलीला जातायत म्हणे, आजीकडे पोपटी आहे."

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांचं पुस्तक! टाकून जाते? एवढीशी पोर! त्यांनी पिशवी उचलली, बाहेर येऊन रिक्षा केली आणि म्हणाल्या, "कुडवली. आणि सावकाश नको." वाटभर त्या पोरीला सुनवायची वाक्यं जुळवत होत्या. चांगली धारदार वाक्यं होती. बापालाही दोन राखून ठेवली होती.

रिक्षा रस्त्यावर थांबवून त्या शेतात उतरल्या. हे शेत त्यांचंच. म्हणजे, होतं. पुढे ते कुळाच्या, काशीच्या नवऱ्याच्या, नावावर झालं. बाईंच्या घरात त्याला 'शेत गेलं' म्हणत. दिवस मावळतीला आलेला, वाल गुडघाभर, आणि मधल्या मोकळ्या जागेत आग. भोवती माणसांचं रिंगण. साईराज, त्याची बायको वैशाली, भाऊबंद, त्यांची पोरं, आणि पोरांत निशिगंधा. ती खळखळून हसत होती. शाळेत ती अशी हसलेली बाईंनी कधी पाहिली नव्हती.

बाई दिसल्या आणि हसणं बंद झालं.

कुणी काही वावगं बोललं नाही. साईराज उठला, घराकडे गेला आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. ती त्याने फडक्याने पुसली आणि बांधावर नीट रोवून ठेवली.

"बसा बाई. धूर लागंल तिकडं."

बाई बसल्या. धारदार वाक्यांतलं पहिलं काही केल्या ओठावर येईना. इथे, याच बांधावर, याच चिंचेच्या अलीकडे काशी उभी असायची. हात काळे, पदर खोचलेला, तोंड आगीकडे. आठवायला लागलंच नाही, कारण विसरलं कधी होतं? त्यांना तेव्हाही दिसलं होतं. शेंग खाता खाता त्यांनी मागे वळून बघितलं होतं आणि पुन्हा आगीकडे तोंड केलं होतं.

मडकं काठीने सुलटं झालं, वासाचा लोट आला. पोरं तुटून पडली. रिंगणातून एक म्हातारी उठली आणि पळसाच्या पानावर शेंगा, एक बटाटा, एक अंडं घेऊन बांधाकडे चालत आली.

"लतूबाय ना तुमी? वळखलं मी चालण्यावरनं," काशीबाई म्हणाली. "घ्या. गरम हाय तवर खावा."

बाईंनी पान मांडीवर घेतलं. "काशी," त्या म्हणाल्या. आवाज चोरासारखा निघाला. "तू आमच्यात बसायचीस ना गं?"

काशीबाई हसली. त्या हसण्यात राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बसून कसं चालंल, बाय? मडकं कोन बघनार? तुमचं झालं की उरल्यालं पदरात न्यायची मी, पोरांना."

"अण्णांनी लिहिलंय की..."

"व्हय. या पोरीनं वाचून दावलं मला. ती रडली. मी म्हनलं, रडतेस कशाला गो? अण्णांनी कागदावर तरी बसवलंन मला."

"आये, चल, निवतंय!" साईराजने हाक मारली. म्हातारी वळली. रिंगणातली पोरं सरकली, मध्ये जागा झाली आणि ती त्यात जाऊन बसली. बसताना तिने शेजारच्या नातवाच्या खांद्यावर हात टेकला.

निशिगंधा पाण्याचा तांब्या घेऊन आली. शिकवल्यासारखा दोन्ही हातांनी पुढे केला.

"निशिगंधा," बाई म्हणाल्या, "ते तुझं उत्तर. चौथ्या प्रश्नाचं. मी काढायला लावलं ते. मला वाचायला देशील?"

"ते नाय आता, बाई."

"म्हणजे?"

"आग धरत नव्हती. मघाशी पेटवायला घातलं."

ती सहज म्हणाली, तांब्या बांधावर ठेवला आणि आगीकडे पळाली.

बाईंच्या मांडीवर पान चटके देत होतं. त्यांनी एक शेंग सोलली. दाणे मऊ, मीठ नेमकं, ओवा नेमका, आणि बोटांना भांबुर्डीचा वास. पिशवीतलं लाल पुडकं त्यांनी बाहेर काढलं नाही. खुर्ची उचलून आगीपाशी नेली असती तर कुणी नको म्हटलं नसतं. पण या असंही कुणी म्हणालं नाही. दिलेलं सगळं त्यांनी खाल्लं, सालं पानात गोळा केली, आणि रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता तरी त्या पान मांडीवर धरून तिथेच बसून राहिल्या.